सप्लायर म्हणतो, “लाकूड सर्टिफाइड आहे.” म्हणजे नेमकं काय तपासायचं?

पानगळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयासाठी नवीन फर्निचर घ्यायचं आहे. पुस्तकांची ३२ कपाटं पार्टिकल बोर्डची आणि वाचनकक्षासाठी १२ मोठी टेबलं भरीव लाकडाची. खरेदी समितीत मी आहे. पहिल्याच बैठकीत मी हट्ट धरला की हे लाकूड कुठून येतं ते कळल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही. पुस्तकं मांडण्यासाठी कुठेतरी एखादा डोंगर बोडका व्हावा, हे मला सहन होणार नाही. बाकीच्यांनी लगेच मान्य केलं आणि सगळे माझ्याकडेच बघायला लागले: आता तपासायचं कसं?

सप्लायरने ईमेलने एफएससीचं (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, जंगल आणि लाकडाच्या प्रमाणपत्राचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) प्रमाणपत्र पाठवलंय. एकच पान आहे. वर झाड आणि बरोबरची खूण असलेलं चिन्ह, खाली कंपनीचं नाव, मुदतीच्या तारखा, सही. फोनवर म्हणाले, “आमच्याकडचं सगळं लाकूड सर्टिफाइड असतं मॅडम, तुम्ही निश्चिंत राहा.” मी निश्चिंत नाही. या एका पानावरून माझ्या टेबलांबद्दल काय कळतं? जंगलात खरंच कुणी जाऊन बघतं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं. ऑर्डरला अजून तीन आठवडे आहेत.

खतावणी

चांगला विषय काढलात, ताई. मी अकरा वर्षं एका व्हिनियर (ओंडका सोलून काढलेले लाकडाचे पातळ पापुद्रे) आणि प्लायवूडच्या कारखान्यात मालाचा हिशेब ठेवत होतो. शेवटची सहा वर्षं प्रमाणित मालाची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यामुळे जंगलाबद्दल कमी आणि कागदाबद्दल जास्त सांगू शकेन.

तुमच्या हातात आलेलं पान तुमच्या टेबलांचं नाही, सप्लायरचं आहे. त्याचा अर्थ एवढाच की या कंपनीला प्रमाणित माल कसा घ्यायचा, कसा सांभाळायचा आणि कसा विकायचा याची घडी बसवता आली आहे आणि ती घडी बाहेरच्या माणसाने तपासली आहे. तीच कंपनी त्याच गोदामातून साधा मालही विकू शकते. बहुतेक विकतातच, त्यात गैर काही नाही. तुमच्या वाट्याला यातला कुठला माल आला हे कळतं बिलावरून. बिलात त्या वस्तूच्या ओळीसमोर “एफएससी १००%”, “एफएससी मिक्स क्रेडिट”, “एफएससी मिक्स ७०%”, “एफएससी रिसायकल्ड” असा काहीतरी दावा आणि कंपनीचा सर्टिफिकेट कोड छापलेला हवा. तो नसेल तर गोदामाच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं लावलेली असोत, तुमचा माल साधा.

प्रमाणपत्रं मुळात दोन प्रकारची. एक जंगलाचं: तिथली तोड, लागवड, पाणी, प्राणी, मजूर, आसपासची गावं हे सगळं बघून दिलेलं. दुसरं त्या जंगलातून निघालेल्या लाकडाच्या प्रवासाचं, त्याला धंद्यात ‘चेन ऑफ कस्टडी’ म्हणतात. ओंडका सॉ मिलमध्ये गेला, तिथून फळ्या व्यापाऱ्याकडे, तिथून फर्निचरवाल्याकडे. जो जो त्या मालाचा मालक झाला, त्या प्रत्येकाकडे हे दुसरं प्रमाणपत्र लागतं, थेट तयार वस्तूवर लेबल लागेपर्यंत. मध्ये एक जरी कडी प्रमाणपत्राशिवाय असली, तरी पुढच्या कुणालाच दावा करता येत नाही. मग ते लाकूड जगातल्या सर्वोत्तम जंगलातलं का असेना.

तुमच्याकडे आलेल्या पानावर सर्टिफिकेट कोडखेरीज एक लायसन्स कोडही असेल, ‘एफएससी-सी’ आणि पुढे सहा आकडे. एफएससीच्या वेबसाइटवर प्रमाणपत्र शोधायची सोय सगळ्यांना खुली आहे. तिथे तो कोड टाका. प्रमाणपत्र चालू आहे, निलंबित आहे की संपलंय ते दिसेल. आणि त्याहून महत्त्वाचं, ते कुठल्या वस्तूंसाठी आणि कुठल्या जातीच्या लाकडासाठी आहे याची यादी दिसेल. ती यादी नीट वाचा आणि इथे सांगा.

रंधा

खतावणी म्हणतात ते शंभर टक्के खरं. मी फर्निचर बनवतो, छोटी कार्यशाळा आहे, चार माणसं. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला प्रमाणित प्लायची कपाटं करून दिली. प्लाय खरोखर प्रमाणित होतं, प्रत्येक पत्र्यावर छाप होता. मी कोटेशनमध्ये लिहिलं, “प्रमाणित फर्निचर”. गिऱ्हाइकाच्या ऑफिसमधल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, तुमचा कोड काय? माझ्याकडे कोड नव्हता, कारण माझ्या कार्यशाळेला प्रमाणपत्र नव्हतं. माल माझ्या हातात आला तिथे साखळी तुटली. मी कोटेशन बदलून दिलं: “वापरलेलं प्लाय अमुक कंपनीचं, खरेदीचं बिल जोडलं आहे.” तेवढंच मला प्रामाणिकपणे म्हणता येत होतं. तेव्हापासून तसंच लिहितो.

छोट्या कारागिराला स्वतःचं प्रमाणपत्र जड जातं. दरवर्षीचं ऑडिट, वेगळ्या नोंदी, वेगळी रॅक. आता छोट्या कार्यशाळांनी गट करून एकत्र प्रमाणपत्र घ्यायची सोय आहे, त्याची चौकशी करतोय.

शंकेखोर

पानगळ, तुमची कळकळ पोहोचली. पण मला या शिक्क्याबद्दल खऱ्याच शंका आहेत आणि त्या इथे मांडतो.

पहिली: तपासणाऱ्याला पैसे कोण देतं? ज्याची तपासणी आहे तोच. दुसरी: ग्रीनपीस ही एफएससीच्या उभारणीत सुरुवातीपासून असलेली संघटना. ग्रीनपीस इंटरनॅशनलने २०१८ मध्ये एफएससीचं सदस्यत्व पुढे चालवलं नाही. घरातलाच माणूस उठून जातो तेव्हा कारण असतं. तिसरी: मेक्सिकोतल्या प्रमाणित जंगलांवर २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रमाणपत्रामुळे जंगलतोड कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मग ३२ कपाटांवर एक चिन्ह आलं म्हणून एखादं झाड वाचतं असं आपण कशाच्या जोरावर म्हणायचं?

खतावणी

शंका योग्यच आहेत. पैशाच्या मुद्द्यावर आधी बोलतो, कारण तो मी आतून पाहिलाय.

हो, ऑडिट करणाऱ्या संस्थेला फी कारखानाच देतो. आमच्याकडे एका वर्षी आलेल्या बाईंनी सहा त्रुटी काढल्या. मालक मला म्हणाले, पुढच्या वेळी दुसरी संस्था बघू. हा दबाव खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय म्हणून या तपासणाऱ्या संस्थांनाही तपासणारी वेगळी संस्था आहे, अ‍ॅश्युरन्स सर्व्हिसेस इंटरनॅशनल. ती मान्यता काढूनही घेऊ शकते. जंगलांच्या ऑडिट अहवालाचा सारांश सर्वांसाठी खुला ठेवावा लागतो आणि कुणालाही तक्रार करता येते. एवढ्याने प्रश्न मिटतो असं मी म्हणणार नाही. पण काहीच तपासणी नसलेल्या लाकडाच्या मानाने फरक पडतो, आणि तो कसा पडतो ते सांगतो.

ऑडिटर कारखान्यात आला की तो जंगलाचं नावही काढत नाही. तो विक्रीच्या बिलांच्या फायलीतून मधूनच एक बिल ओढतो आणि म्हणतो, चला, मला मागे घेऊन चला. हे प्लायचे ४० पत्रे कुठल्या दिवशी दाबले? कुठल्या व्हिनियरमधून? ते व्हिनियर कुठल्या ओंडक्यांतून निघालं? ते ओंडके कुणाकडून आले, त्यांच्या बिलावर दावा काय होता? प्रत्येक पायरीला कागद लागतो. मग तो कॅल्क्युलेटर काढतो. ओंडका सोलला की साल जाते, टोकं जातात, गाभ्याचा दांडा उरतो, वाळवताना काही फाटतं. आमच्याकडे आलेल्या लाकडातलं निम्म्याच्या आसपासच व्हिनियर म्हणून हाती लागायचं. म्हणजे १०० घनमीटर प्रमाणित ओंडके घेतले आणि ८० घनमीटर प्रमाणित व्हिनियर विकलं, तर मधलं ३० आलं कुठून? जे शिक्क्याच्या आडून साधं लाकूड घुसवतात ते बहुतेक इथेच सापडतात. लाकूड खोटं बोलत नाही असं मी म्हणणार नाही, पण घनफळ सहसा खोटं बोलत नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्या अंगणात प्रमाणित ओंडक्यांचा ढीग आणि साध्या ओंडक्यांचा ढीग वेगळे असायचे, टोकांवर खडूने खूण. एका रात्री वादळी पाऊस झाला, कडेचा ढीग सरकला, दोन्हीतले ओंडके एकमेकांत मिसळले आणि खडू धुऊन गेला. सकाळी मी त्या चिखलात उभा राहून ओंडके ओळखायचा प्रयत्न करत होतो. जात एकच, व्यास जवळपास सारखे. ओळखता येईनात. शेवटी रजिस्टरमध्ये त्या सगळ्या मालासमोर ‘साधा’ असं लिहिलं. प्रमाणित म्हणून घेतलेला, जास्त पैसे मोजलेला माल साधा म्हणून विकावा लागला. मालक चिडले. दुसऱ्या दिवशी मी टोकांवर पिवळा ऑइलपेंट मारायला सुरुवात केली आणि पत्र्याच्या नंबरपट्ट्या ठोकल्या. तो नियम नसता तर? तर तो सगळा ढीग ‘प्रमाणित’ म्हणून पुढे गेला असता आणि कुणालाच कळलं नसतं.

पाणलोट

उशिरा येतेय. माझा अनुभव जंगलाच्या बाजूचा आहे. वनशास्त्र शिकल्यावर काही काळ ऑडिट पथकांबरोबर नोंदी घ्यायला जात होते.

आधी एक गैरसमज दूर करते. प्रमाणित जंगल म्हणजे तोड न होणारं जंगल नव्हे. तिथे तोड होते, पण आखून. उष्णकटिबंधातल्या प्रमाणित जंगलात तोडीच्या आधी विशिष्ट घेराच्या वरच्या प्रत्येक उपयोगी झाडाची मोजणी होते, त्याला नंबर मिळतो, नकाशावर ठिपका पडतो. बियांसाठी काही मोठी झाडं मुद्दाम राखली जातात. ओढ्यांच्या दोन्ही काठांना पट्टा सोडतात. जाड वेली आधीच तोडून ठेवतात, कारण वेलींनी बांधलेलं झाड पडताना शेजारच्या चार झाडांना सोबत घेऊन पडतं. झाड कुठल्या दिशेला पाडायचं, ओंडका कुठल्या वाटेने ओढायचा, तेही आधी ठरतं. जंगलाचे भाग पाडलेले असतात, या वर्षी तोडलेल्या भागाची पाळी पुन्हा काही दशकांनी.

मला आठवतं, एका ठिकाणी लाकूडतळावर ऑडिटरने एका ओंडक्याचा नंबर वहीत घेतला आणि आम्ही तो बुंधा शोधायला निघालो. दीड तास चालल्यावर पालापाचोळ्यात तो सापडला. ऑडिटर गुडघ्यावर बसला, हाताने शेवाळ पुसलं, आणि खुंटावर तोच नंबर होता. ओढ्यापासूनचं अंतर टेपने मोजलं. मग परत येऊन व्यवस्थापकाला बाहेर थांबायला सांगितलं आणि करवत चालवणाऱ्या मजुरांशी एकट्याने बोलला. पगार वेळेवर मिळतो का, हेल्मेट कुणी दिलं, स्वतःच्या पैशाने घ्यावं लागलं का. हा भाग बाहेर कुणाला दिसत नाही, पण एफएससीच्या दहा तत्त्वांमध्ये मजुरांचे हक्क आहेत आणि मूलनिवासी समाजांचे हक्कही. त्यांच्या जमिनीवर काही करायचं तर त्यांची संमती आधी, मोकळेपणाने आणि पूर्ण माहिती देऊन घ्यावी लागते.

आता शंकेखोर यांचा मुद्दा. मेक्सिकोचा अभ्यास मीही वाचलाय, निष्कर्ष तोच आहे. पण सगळीकडे तेच चित्र नाही. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये गॅबन आणि काँगो इथला एक अभ्यास आला. १४ तोडपट्ट्यांमध्ये, निम्म्या प्रमाणित आणि निम्म्या अप्रमाणित, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले आणि १३ लाखांहून जास्त फोटो तपासले. प्रमाणित पट्ट्यांमध्ये सस्तन प्राणी जास्त वेळा दिसले, आणि हत्ती-गोरिलांसारखे १०० किलोंच्या वरचे प्राणी तर सुमारे २.७ पट. का? तोडीसाठी केलेले जुने रस्ते बंद केले जातात, चालू रस्त्यांवर फाटक आणि पहारा असतो, मजुरांना मांस-मासे बाहेरून आणून देतात म्हणजे त्यांना शिकार करावी लागत नाही. जंगलाला खरा धोका कधी कधी करवतीपेक्षा तिच्यासाठी काढलेल्या रस्त्याचा असतो. त्या रस्त्याने शिकारी आत येतात, मग शेत, मग गुरं.

ग्वाटेमालाच्या उत्तरेला पेतेन प्रांतात माया बायोस्फिअर रिझर्व्ह आहे, सुमारे २१ लाख हेक्टरचं, १९९० मध्ये घोषित झालेलं. त्यातला काही भाग राष्ट्रीय उद्यानं, जिथे तोडीला पूर्ण बंदी. काही भाग १९९० च्या दशकात तिथल्या गावांना दीर्घ मुदतीने चालवायला दिला, अट अशी की एफएससी प्रमाणपत्र घ्यायचंच. गावांनी महोगनी मोजून तोडली, स्वतःच्या सॉ मिल काढल्या, मिळालेल्या पैशातून आगीवर पहारे ठेवले. आज उपग्रहाच्या चित्रात बघितलं तर गावांनी चालवलेल्या बहुतेक पट्ट्यांत जंगल टिकून आहे आणि लागुना देल तिग्रे या ‘संरक्षित’ उद्यानाचा मोठा भाग गुरांच्या कुरणांसाठी जळून गेलाय. याचं श्रेय एकट्या प्रमाणपत्राला मी देणार नाही. जमिनीवरचा हक्क, गावची संघटना आणि लाकडाला बाहेर मिळालेलं गिऱ्हाईक, ही तिन्ही एकत्र आली तेव्हा हे झालं. पण ते बाहेरचं गिऱ्हाईक म्हणजे पानगळ, तुमच्यासारखीच कुणीतरी खरेदी समिती होती.

शंकेखोर

पाणलोट, पेतेनबद्दल माहीत नव्हतं. मनापासून धन्यवाद. तरी एक खटकतंच: जगातली जंगलतोड मुख्यतः लाकडासाठी होते का?

पाणलोट

नाही. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या पाहणीनुसार जंगल नष्ट होण्यामागे ९० टक्क्यांच्या आसपास कारण शेती आणि गुरांची कुरणं आहेत. २०१५ ते २०२० या काळात दरवर्षी सुमारे एक कोटी हेक्टर जंगल तोडलं गेलं, त्यातलं बहुतेक सोया, पाम तेल, गुरं वगैरेंसाठी. म्हणून लाकडाच्या शिक्क्याने जंगलतोड थांबेल अशी अपेक्षा केली तर निराशाच येणार. तो शिक्का एक वेगळी गोष्ट साधू शकतो: जंगल उभं ठेवूनही त्यातून उत्पन्न मिळतं हे जंगलाच्या मालकाला दिसतं. जंगलाला काहीच मोल मिळालं नाही की तिथे कुरण होतं.

नैसर्गिक जंगल पाडून निलगिरी लावायची आणि मग त्या लागवडीला प्रमाणपत्र मागायचं, हे होऊ नये म्हणून एफएससीने नोव्हेंबर १९९४ ही तारीख ठरवली होती. त्यानंतर जंगल तोडून केलेल्या लागवडीला प्रमाणपत्र नाही. अलीकडे ती मर्यादा २०२० च्या अखेरीवर आणली आणि मधल्या काळातल्या नुकसानीची भरपाई करून देणाऱ्यांना दार किलकिलं केलं. यावर खूप वाद झाला. मला स्वतःला भरपाईची कल्पना पटते, पण तिची अंमलबजावणी कडक होते का, यावर सगळं आहे.

उंबरठा

माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. एक प्रश्न: पीईएफसी असं दुसरं चिन्ह दिसतं, दोन झाडांचं. ते कमी दर्जाचं समजायचं का?

खतावणी

सरसकट नाही. एफएससी १९९३ मध्ये सुरू झाली, रिओच्या १९९२ च्या परिषदेत सरकारांना जंगलांबाबत बंधनकारक करार करता आला नाही त्यानंतर. तिथे पर्यावरणवादी, सामाजिक आणि व्यापारी अशा तीन गटांना समान मतं असतात, शिवाय प्रत्येक गटात श्रीमंत आणि गरीब देशांना निम्मीनिम्मी. पीईएफसी १९९९ ची, युरोपातल्या छोट्या वनमालकांच्या पुढाकारातून आलेली. ती स्वतःचं एकच मानक लावत नाही, वेगवेगळ्या देशांच्या योजना तपासून त्यांना मान्यता देते. त्यामुळे दर्जा त्या त्या देशाच्या योजनेवर बराच अवलंबून. क्षेत्रफळाने पीईएफसी मोठी. कित्येक जंगलांकडे दोन्ही प्रमाणपत्रं असतात. माझं मत विचाराल तर मूलनिवासींच्या हक्कांच्या बाबतीत एफएससी जास्त काटेकोर आहे. पण साखळीचा हिशेब दोन्हीकडे जवळपास सारखाच ठेवावा लागतो.

छापील

मी छपाईच्या कामासाठी कागद खरेदी करते. पानगळ यांना एक सूचना: लेबलवरचे शब्द वाचा. ‘१००%’ म्हणजे सगळं प्रमाणित जंगलातलं. ‘रिसायकल्ड’ म्हणजे सगळं परत वापरलेलं. ‘मिक्स’ मात्र मिश्रण. त्यात प्रमाणित किंवा पुन्हा वापरलेला भाग टक्केवारीच्या पद्धतीत किमान ७० टक्के, उरलेला ‘कंट्रोल्ड वूड’. हे उरलेलं लाकूड प्रमाणित नसतं, पण पाच गोष्टी टाळून घेतलेलं असतं: बेकायदा तोड, लोकांच्या हक्कांचं उल्लंघन, मोलाच्या जंगलांना धोका, जंगल पाडून लागवड किंवा दुसरा वापर, आणि जनुक बदललेली झाडं. पार्टिकल बोर्डवर बहुधा ‘मिक्स’च येईल, कारण त्यात भुसा, चिपा, छाटलेल्या फांद्या असं दहा ठिकाणचं येतं.

मला स्वतःला क्रेडिटची पद्धत थोडी खटकते. तिच्यात कारखान्याने जेवढं प्रमाणित घेतलं तेवढ्या मापाचा माल तो दाव्यासह विकू शकतो, पण त्या विशिष्ट पत्र्यात ते प्रमाणित लाकूड असेलच असं नाही. एकूण बेरीज बरोबर असते, तुमच्या कपाटापुरती खात्री नसते. तरीही मी घेते, कारण या मागणीमुळेच कारखाना प्रमाणित चिपा घ्यायला लागतो.

दुसरं, विक्रेत्याच्या कॅटलॉगमधल्या कोडमध्ये ‘सी’ च्या जागी ‘एन’ असेल तर तो फक्त जाहिरातीचा परवाना आहे. असा विक्रेता लेबल लावलेल्या तयार वस्तू विकू शकतो, स्वतः बनवलेल्या वस्तूला प्रमाणित म्हणू शकत नाही.

अवांतर: व्हिस्कोस कापडही लाकडाच्या लगद्यापासूनच येतं, त्यामुळे हे प्रश्न कपड्यांनाही लागू आहेत.

शंकेखोर

कायद्याचं काय? प्रमाणपत्र हा ऐच्छिक भाग झाला. बेकायदा लाकडावर सरकारं काही करतात का?

खतावणी

करतात, आणि तिथे प्रमाणपत्राची मर्यादाही कळते. अमेरिकेचा लेसी कायदा बेकायदा मिळवलेल्या वन्यजीवांच्या व्यापारावर बंदी घालतो, त्यात २००८ पासून लाकूडही आलं. त्याखाली एका मोठ्या फ्लोअरिंग कंपनीने २०१५ मध्ये गुन्हा कबूल केला. रशियाच्या अतिपूर्वेकडे, सायबेरियन वाघांच्या जंगलात बेकायदा तोडलेलं ओक चीनमधल्या कारखान्यांतून फळ्या बनून आलं होतं. एका परवान्यावर ठरलेल्या मर्यादेच्या ८०० टक्क्यांहून जास्त लाकूड बाहेर पडलं होतं. म्हणजे परवाना खरा, शिक्का खरा, फक्त घनफळाची बेरीज कुणी केली नाही. मी वर कॅल्क्युलेटरबद्दल लिहिलं ते याचसाठी.

युरोपीय संघाचा २०२३ चा जंगलतोडविरोधी नियम तर आयात करणाऱ्याकडून तोडीच्या जागेचे अक्षांश-रेखांश मागतो. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे. पण त्यात स्पष्ट आहे की प्रमाणपत्र असलं म्हणून आयातदाराची जबाबदारी संपत नाही. मला हे योग्य वाटतं. प्रमाणपत्राने चौकशी सोपी होते, चौकशीची गरज संपत नाही.

आणि २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर एफएससी आणि पीईएफसी दोघींनीही रशिया-बेलारूसचं लाकूड बाद केलं. मग कागदावर दुसऱ्या देशाचं नाव टाकून तेच लाकूड येण्याची भीती आली. तिथे आता प्रयोगशाळा कामाला येते. लाकडातल्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) प्रमाण पावसावर आणि मातीवर ठरतं, त्यावरून ते कुठल्या प्रदेशात वाढलं याचा अंदाज येतो. त्यासाठी जगभरातल्या झाडांचे नमुने गोळा करून संदर्भसंग्रह उभा केला जातोय.

पानगळ (धागाकर्ती)

मंडळी, काल रात्री बसून कोड टाकला. प्रमाणपत्र चालू आहे, मुदतही शिल्लक आहे. पण वस्तूंच्या यादीत फक्त पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफपासून बनवलेलं फर्निचर आहे. भरीव लाकडाचा उल्लेखच नाही.

आज सप्लायरला फोन केला. आधी म्हणाले, “मॅडम, तेच प्रमाणपत्र सगळ्याला चालतं.” मी म्हटलं, मग टेबलांच्या बिलावर दावा आणि कोड छापून द्याल का? थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणाले, टेबलांचं लाकूड दुसऱ्या व्यापाऱ्याकडून येतं, त्याचं तसं काही नाही. कुठल्या देशातलं विचारलं, तर माहीत नाही. मला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. मी विचारलं नसतं तर उद्घाटनाच्या पत्रिकेवर आम्हीच छापलं असतं की सगळं फर्निचर प्रमाणित लाकडाचं आहे.

कपाटांबद्दल मात्र त्यांनी लेखी दिलंय, बिलावर “एफएससी मिक्स क्रेडिट” आणि कोड येईल. टेबलांसाठी काय करावं?

रंधा

ताई, तुमची जुनी टेबलं आहेत ना? ती कशाची आहेत? काढून टाकण्याआधी एकदा उलटी करून बघा. वरच्या पृष्ठभागाला वॉर्निश आणि शाई लागून ती काळी दिसत असतील, पण खालच्या बाजूला रंधा मारलात की लाकूड काय आहे ते कळेल. फळी दोन्ही अंगांनी सरळ असेल, वाळवी नसेल, सांध्यात ओल गेली नसेल तर तिला अजून पन्नास वर्षं काही होत नाही. पाय नवे करता येतात. जे लाकूड एकदा कापून झालंय, त्यासाठी नवं झाड पाडावं लागत नाही.

पानगळ (धागाकर्ती)

रंधादादा, आज शिपाईकाकांच्या मदतीने माडीवरची जुनी टेबलं उलटी केली. एकूण नऊ. दोन कुजली आहेत. सात धडधाकट! एकाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने कुणीतरी मापं लिहून ठेवली आहेत, बनवणाऱ्याचीच असणार. शेजारच्या सुतारांनी एक कोपरा तासून दाखवला, आतून लाकूड सोनेरी निघालं. मला रडायलाच आलं.

तर समितीत असं ठरलं: सात टेबलं दुरुस्त करायची. उरलेली पाच दुसऱ्या उत्पादकाकडून, ज्याच्या यादीत भरीव लाकडाची टेबलं आहेत. त्याचाही कोड मी तपासला, आणि लाकडाची जात व तोडीचा देश लेखी मागितला. ऑर्डरमध्ये ही अट घातली आहे, बरोबर आहे का सांगा: “बिलावर प्रत्येक वस्तूसमोर प्रमाणपत्राचा दावा आणि विक्रेत्याचा सर्टिफिकेट कोड छापलेला असावा. तो नसल्यास माल स्वीकारला जाणार नाही.”

खतावणी

अट बरोबर. एक भर घाला: मालाबरोबर येणाऱ्या चलनावरही तोच दावा हवा, कारण पुष्कळदा माल आधी येतो आणि बिल पंधरा दिवसांनी. गाडी उतरवायच्या आधी चलन हातात घ्या आणि कोडचा एकेक आकडा प्रमाणपत्राशी ताडून बघा. त्याच दिवशी सकाळी वेबसाइटवर प्रमाणपत्र अजून चालू आहे ना, तेही पुन्हा पाहा.

रंधा

आणि त्या पेन्सिलीच्या मापांवर पॉलिश चढवू नका, सुताराला आधीच सांगून ठेवा.